बाईंच्या माश्यांना गारवा हवा होता

आज मी चारचौघांत मान वर करून बसतो आणि दोन वाक्ये सलग बोलू शकतो, ते आमच्या माशीवाल्या बाईंमुळे. आईवडिलांचे ऋण मी वेगळ्या जागी ठेवतो. त्यांनी जन्म दिला, शाळेत घातले, स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन पुण्याला पाठवले. पण माझे तोंड उघडले ते बाईंनी. आणि गंमत अशी की अख्ख्या पुणे शहरात माणसांशी इतके कमी आणि माश्यांशी इतके जास्त बोलणारी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

माश्या म्हणजे घरात घोंघावतात त्या नव्हेत. केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर तिळाएवढी चिलटे जमतात, ती फळमाशी. बाई आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत आणि उरलेला सगळा जन्म त्यांनी या चिलटांना वाहिला होता. त्यांना ‘मॅडम’ म्हटलेले चालत नसे. “मॅडम म्हणालात की मी मागे वळून बघते, कोण आलंय म्हणून,” असे त्या म्हणत. विभागाच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती आणि दारावर त्यांच्या अक्षरात पाटी होती: ‘माश्या आत आहेत. त्या आतच राहाव्यात अशी इच्छा आहे. दार लावणे.’ आत शिरले की गूळ, मक्याचे पीठ आणि यीस्ट यांचा शिजलेला वास येई, कारण माश्यांचा स्वयंपाक त्या स्वतः करत. स्वतःच्या घरी त्यांनी कधी स्वयंपाक केला असेल असे मला वाटत नाही. मात्र माश्यांचे खाणे किंचित करपले तर अख्खे पातेले ओतून देत. “त्यांना बोलता येत नाही म्हणून काहीही वाढायचं का?” असे वर आम्हालाच विचारत.

बाईंना कोणाचे आडनाव लक्षात राहत नसे. नवीन माणूस भेटला की आपल्याकडे आधी आडनाव विचारतात आणि मग त्याला कुठल्या खणात ठेवायचे ते ठरवतात. बाईंचा पहिला प्रश्न “गाव कुठलं?” आणि जे गाव तेच तुमचे नाव. मी जामखेडचा, म्हणून जामखेडकर. माझ्याबरोबर एक हुशार, फटकळ मुलगी होती, ती मिरजकर. प्राचार्यांनासुद्धा त्या एकदा भर सभेत “अहो सासवडकर” म्हणाल्या होत्या. मी एकदा धीर करून विचारले, तेव्हा म्हणाल्या, “आडनावांना जागाच उरत नाही हो डोक्यात. माश्यांचे वाण लक्षात ठेवायचे असतात.” तेव्हा मला ते पटले होते. पण हीच विसरभोळी बाई प्रत्येक बाटलीतल्या माशीची वंशावळ पणजीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवायची. आमच्या खोलीत माझे आडनाव कधी कोणी उच्चारले नाही आणि मला ते कधी लपवावेही लागले नाही. या दोन गोष्टींचा संबंध मला फार उशिरा लागला.

मंडईत त्यांची कीर्ती होती. सगळे जग केळी दाबून घट्ट बघून घेते, बाई दाबून मऊ बघत. “याहून सडकी नाहीत का?” असे विचारत. एका नव्या केळीवालीला त्यांची दया आली. तिने चांगली पिवळीधमक अर्धा डझन केळी पिशवीत घातली आणि म्हणाली, “घ्या आजी, पैसं नकोत.” बाई इतक्या दुखावल्या की म्हणाल्या, “ही कोवळी केळी घेऊन मी काय करू? मला पाहुणे जेवायला घालायचेत!” बुधवार पेठेतही असाच प्रकार झाला. माश्यांना पंचवीस अंश तापमान लागते, आणि त्यासाठीचे खास कपाट घ्यायला कॉलेजकडे कधीच पैसे नव्हते. म्हणून बाईंनी भंगारातला फ्रिज आणला आणि त्याला लावायचा थर्मोस्टॅट घ्यायला आम्ही दोघे बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने विचारले, “कशासाठी हवाय?”

“माश्यांसाठी.”

“मारायला?”

“वाढवायला.”

दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला, “माझा भाऊ महापालिकेत आहे. त्याला कळू देऊ नका.” थर्मोस्टॅट मात्र त्याने चांगला दिला.

पर्समध्ये त्यांचे भिंग सदैव असे. भाचीच्या लग्नात रुखवतापाशी सगळ्या बायका विणकाम बघत होत्या आणि बाई फळांच्या परडीवर भिंग धरून वाकल्या होत्या. वरपक्षाची एक आत्या जरा तोऱ्यातच म्हणाली, “काय हो, फळं शिळी वाटतात का?” बाई मान वर न करता म्हणाल्या, “छे छे, उत्तम सडलीत. तीन नर आहेत.” त्यांना नर कसा ओळखू येई, तर नराच्या पुढच्या दोन पायांवर काळ्या केसांचा इवलासा कंगवा असतो. मादीला नसतो, आणि नरालाही मधल्या-मागच्या पायांवर नसतो. हा कंगवा नीट लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

बाईंचा सगळा अभ्यास एकाच प्रश्नाभोवती होता. माशीच्या अंड्यातल्या गर्भात प्रत्येक पेशीजवळ अख्ख्या माशीची माहिती असते. डोळ्याच्या पेशीला पाय कसा करायचा ते माहीत असते आणि पायाच्या पेशीला पंख. मग डोळ्याच्या जागी डोळाच का होतो? तर बाकीची जनुके तिथे बंद केली जातात म्हणून. बाई म्हणत, “लोकांना वाटतं, वाढणं म्हणजे नवीन काहीतरी सुरू होणं. अहो, वाढणं म्हणजे निम्मंअधिक गप्प करणं.” गर्भाच्या पहिल्या काही तासांत काही प्रथिने येतात आणि प्रत्येक भागात कोणते जनुक बंद राहील ते ठरवतात. पण ती अल्पायुषी असतात. काम झाले की नाहीशी होतात. आणि तरी बंद झालेले जनुक माशी मरेपर्यंत बंदच राहते. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार झाल्या तरी त्या विसरत नाहीत. हे कसे होते ते समजावताना त्या सोसायटीचा वॉचमन सांगत. “सेक्रेटरी एकदाच येतो, सांगतो, हे मागचं गेट बंद ठेवायचं, आणि बदली होऊन निघून जातो. वॉचमनला कारण ठाऊक नसतं. पण तो गेट बंद ठेवतो, पाळी बदलताना दुसऱ्याला सांगतो, तो तिसऱ्याला. बंद करणारा कधीच गेला, पण बंद आहे ते आहेच. याला मी स्मरणशक्ती म्हणते. तुम्ही परीक्षेत जे करता त्याला नाही.”

आणि वॉचमनच बिघडला तर? आमच्याकडे असा एक वाण होता. त्यात हे राखणदार जनुक अर्धवट बिघडलेले होते, त्यामुळे त्याच्या नरांच्या सहाही पायांवर कंगवे उगवत. पूर्ण बिघडले तर गर्भ अंड्यातच मरतो. मरताना त्याच्या शरीराचे बहुतेक सगळे खंड शेपटीकडच्या खंडासारखे व्हायला निघालेले असतात. “सध्या आपल्या शहराचं तसंच चाललंय,” बाई म्हणत. “ज्याला बघावं त्याला संगणकवालाच व्हायचंय.”

त्यांचे खोटे नव्हते. गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले होते. मी येरवड्याला मामाकडे राहत असे. तिथून थोडे पुढे नगर रस्त्याला काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. गावाहून येताना वाघोली मागे पडली की एसटीच्या खिडकीतून त्या दिसत, आणि शेजारचा माणूस हमखास म्हणे, “आत एसी हाय म्हणं, उन्हाळ्यात बी स्वेटर घालत्यात.” माझ्या घरची गोष्ट साधी होती. वडील बाजार समितीत हमाली करत, आणि त्यांची पाठ आता साथ देत नव्हती. धाकटी बहीण बारावीला होती. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. मामा म्हणे, “आरं, येवढा शिकला अन् माशा मारतोस?” मी म्हणे, “मारत नाही मामा, पाळतो.” मामा कपाळाला हात लावी. शेवटी एक दिवस तो स्वतःच कॉलेजात आला. दारात उभा राहून म्हणाला, “जय भीम, मॅडम.” बाई सूक्ष्मदर्शकातून डोके न काढता म्हणाल्या, “जय भीम. या, बसा. दार लावा, आणि त्या बाटलीला धक्का लावू नका.” मामा तासभर बसला, गूळ-मक्याच्या वासात चहा प्याला, आणि निघताना बाईंना एवढेच म्हणाला, “पोरगं गुणाचं हाय. पण बोलत न्हाई. अशानं नोकरी कोन देनार?”

ते खरे होते. संध्याकाळी मी संगणकाचा एक क्लास पुरा केला होता आणि दोन कंपन्यांत मुलाखतीही दिल्या होत्या. दोन्हीकडे ‘स्वतःबद्दल सांगा’ असे इंग्रजीत विचारले, आणि मी गावाचे नाव सांगून थांबलो. आमच्याकडे शहाणा मुलगा म्हणजे गप्प बसणारा मुलगा. शाळेत मागच्या बाकावर बसून मी ते शहाणपण पुरते पाठ केले होते. मिरजकर वैतागून म्हणे, “अहो, बोला ना काहीतरी! चुकीचं बोला, पण बोला! माशी बसली तरी हलत नाही तुम्ही!” तिसरी मुलाखत यायची होती, आणि ही हुकली तर पाठ दुखणाऱ्या वडिलांना आणखी एक वर्ष पोती उचलावी लागणार होती, हे मला माहीत होते. दुसरीकडे बाई त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांच्यानंतर त्या खोलीत संगणक बसवायचे ठरले होते. कंगव्यांचा तो वाण पुढे सांभाळायला मी थांबावे असे त्यांना वाटत असणार, असे मला वाटे. त्या मात्र काही बोलल्या नाहीत. मीही विचारले नाही. आम्ही दोघेही त्या बाबतीत शहाणे होतो.

त्या उन्हाळ्यात भारनियमन सुरू झाले. दुपारी वीज जाई आणि भंगारातला फ्रिज नुसता कपाटासारखा उभा राही. तापमान तिशीच्या वर गेले की फळमाशीचे नर वांझ होतात, मग वाण संपलाच. बाईंनी माठ आणले, ओली पोती आणली. शिवाय त्यांनी एक नवीनच मार्ग काढला. कंगव्यांच्या माश्यांच्या काचनळ्या स्टीलच्या डब्यात घालून त्या शहरात जिथे जिथे एसी आहे तिथे जाऊन बसू लागल्या. उदारीकरणाचा बाईंनी घेतलेला हा एकमेव फायदा. बँकेत त्या मुदतठेवीची चौकशी करत, ती वीज येईपर्यंत संपत नसे. मग लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात जाऊ लागल्या. “याच्यात जरा फिकं दाखवा. आता जरा गडद.” गाद्यांवर साड्यांचा डोंगर होई. मांडीवरचा डबा एका हाताने चाचपत बाई म्हणत, “उद्या येते.” आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी जात. शेवटी मालक गल्ल्यावरून उठून आला आणि हात जोडून म्हणाला, “बाई, आज काहीच न दाखवता नुसतं बसवलं तर चालेल का? घड्या घालणारा माणूस रजेवर गेलाय.”

“चालेल,” बाई म्हणाल्या. “दार तेवढं सारखं उघडू देऊ नका. गारवा जातो.”

माझ्या मुलाखतीच्या दिवशी मी सकाळी नमस्कार करायला गेलो, तर बाईंनी माझ्या हातात तोच डबा ठेवला. “बरं झालं आलात. मला आज बँकेत तोंड दाखवायला जागा नाही, आणि साडीवाल्याचं दुकान बंद आहे. तुमच्या त्या काचेच्या कंपनीत एसी असेलच. हा घेऊन जा.”

“बाई, मुलाखतीला?”

“मांडीवर ठेवा. कोणी विचारलं तर खरं सांगा. आणि हे बघा, वीज चार वाजता येणार. तोपर्यंत बाहेर पडू नका. मुलाखत लांबवा.”

“लांबवू कशी?”

“बोलून. दुसरा काही मार्ग असला तर मला माहीत नाही.”

मग मी डबा घेऊन निघालो. रस्ताभर मला मुलाखतीची आठवणसुद्धा झाली नाही. डबा उन्हात तर नाही ना, बसच्या गचक्याने नळीचे बूच निघाले तर नाही ना, एवढेच डोक्यात होते. आत तीन साहेब बसले होते. खोली गार होती आणि पहिल्यांदाच एखाद्या गार खोलीत शिरून मला हायसे वाटले. त्यांनी तोच प्रश्न विचारला, स्वतःबद्दल सांगा. मी भिंतीवरचे घड्याळ पाहिले. चार वाजायला पुष्कळ अवकाश होता. मी जामखेडपासून सुरुवात केली. शाळा सांगितली, वडिलांची हमाली सांगितली, ओळीने एसटीचे थांबे सांगितले. इंग्रजी मोडत होते, पण मला ते दुरुस्त करत बसायला सवड नव्हती. गप्प बसलो तर मुलाखत संपेल, आणि मुलाखत संपली तर नर वांझ होतील. मधल्या साहेबांनी विचारले, डब्यात काय आहे? मी डबा उघडून नळ्या टेबलावर मांडल्या. गर्भ सांगितला, बंद केलेली जनुके सांगितली, कागदावर सोसायटीचे गेट आणि वॉचमन काढून दाखवला. एका साहेबांनी विचारले, “पण पाळी बदलताना दुसऱ्या वॉचमनला नक्की सांगतो कोण?” मी म्हणालो, हाच तर खरा प्रश्न आहे, आणि खुर्ची पुढे ओढून पुन्हा सुरुवात केली. चहा दोनदा आला. दोन्ही वेळा मी तो फुंकून फुंकून प्यालो. शेवटी त्यांनी विचारले, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का? मी विचारले, “तुमचा एसी किती अंशावर असतो?”

“चोवीस.”

“पंचवीस करता येईल का? जरा गारठतायत.”

तिघेही इतके हसले की बाहेरचा शिपाई डोकावला. त्यांनी एसी पंचवीसवर केला. आणि नोकरी दिली.

संध्याकाळी मी धावतच बाईंच्या खोलीवर आलो. वीज आली होती. बाई काहीतरी लिहीत होत्या. आधी माश्यांना नवीन खाणे द्यावे म्हणून मी नळी उघडून त्यांना गुंगी दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. एक नर पाहिला, दुसरा पाहिला. सगळे पाहिले. कंगवे फक्त पुढच्या पायांवर होते.

“बाई, या आपल्या वाणाच्या नाहीत.”

“असं?”

“या साध्या आहेत. मंडईतल्या केळ्यांवरच्या.”

“असतील.”

“मग आपल्या?”

“माठामागे. ओल्या पोत्यात. सकाळपासून तिथंच आहेत, मजेत.”

“मग मला कशाला…”

“लेबल चुकलं, जामखेडकर. माणसाकडून होते चूक.” लेबल तिरके लावले म्हणून अख्खी बाटली पुन्हा करायला लावणाऱ्या बाई माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “चहा किती वेळा आला?”

“दोनदा.”

“दोनदा. हं.” त्यांनी टोपण लावून पेन ठेवले. “मग घेतलं असेल त्यांनी तुम्हाला. आपल्या पुण्यात नको असलेल्या माणसाला पहिलासुद्धा देत नाहीत.” आणि मी पाहिलेल्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या अंधार पडायच्या आत घरी गेल्या.

पुढे त्या निवृत्त झाल्या. कंगव्यांचा वाण त्यांनी स्वतः आगगाडीने दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत पोचवला, डबा मांडीवर ठेवून. त्या खोलीत संगणक आले, आणि त्यांच्यासाठी एसीही आला. बाई आता कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत बहिणीकडे राहतात आणि त्यांच्याकडे केळी पुरेशी पिकू देतात असे ऐकतो. आम्ही विद्यार्थी त्यांना पत्रे पाठवतो, ती लाल शाईने शुद्ध होऊन परत येतात. माझे पहिले पत्र मात्र परत आले नाही. पोचले की नाही हे विचारायचे धाडस मला झाले नाही. पुढे एकदा भेटायला गेलो, तेव्हा निरोप घेताना त्या दाराशी येऊन म्हणाल्या, “त्या पत्रात एक चूक होती. राहू दिली.” कोणती ते सांगितले नाही. मी जपून ठेवलेल्या कच्च्या प्रतीवरून ते पत्र असे होते:

आदरणीय बाईंस,

सविनय जय भीम.

कामावर रुजू झालो. इथे गारवा भरपूर आहे. एवढ्या गारव्यात नुसती माणसेच बसवली आहेत, याचे मला अजून वाईट वाटते. वडिलांनी पोती उचलणे सोडले. मामा शेजाऱ्यांना सांगतो की भाच्याला माश्यांमुळे नोकरी लागली, आणि शेजारी त्याच्याकडे संशयाने पाहतात.

बंद करणारा थोडा वेळच येतो आणि निघून जातो, पण बंद झालेले बंदच राहते, असे आपण शिकवले होते. ते मी परीक्षेत लिहिले होते, पण मला कळले नव्हते. त्या दिवशी आपण माझी भीती दुपारी चारपर्यंत बंद केलीत. माश्या त्याच संध्याकाळी सोडून दिल्या आणि डबा घासून आपल्याला परत केला. भीती अजून बंद आहे. काल इथे भरल्या खोलीपुढे उभा राहून बोललो. मांडीवर डबा नव्हता. हात मात्र डबा धरल्यासारखे होते, असे नंतर एकाने सांगितले.

त्या वाणासाठी मी थांबावे असे आपल्याला वाटत होते का, हे मी कधी विचारले नाही. आता विचारत आहे. उत्तर नाही दिलेत तरी चालेल.

दिवाळीनंतर धाकट्या बहिणीला पुण्याला आणणार आहे. आपल्याला भेटायला घेऊन येईन. हुशार आहे, पण तीही बोलत नाही. आपल्याकडे तो डबा असेल, तर काढून ठेवावा.

आपला,
जामखेडकर